२५ मैलांचा मान

घोड्यांची शर्यत म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मुंबईचे महालक्ष्मी किंवा पुण्याचे रेसकोर्स उभे राहते. दोन-तीन मिनिटांची धाव, प्रेक्षकांचा जल्लोष आणि पैजांचा हिशेब. एवढ्यात सारे आटोपते. घोडेस्वारीचा दुसरा एक प्रकार मात्र असा आहे की त्यात तासच्या तास खोगिरावर काढावे लागतात, डोंगरदऱ्यांतील पायवाटा तुडवाव्या लागतात आणि टाळ्या वाजवणारे वाटेत क्वचितच भेटतात. त्यास एन्ड्युरन्स रायडिंग, म्हणजे दीर्घ पल्ल्याची रपेट, असे म्हणतात. या क्रीडाप्रकारातील एका लहानशा वादात माणसाच्या मोठेपणाविषयीचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. तो वाचकांपुढे ठेवावा असे वाटते.

१९५५ साली वेन्डेल रोबी या अमेरिकन गृहस्थांनी काही सोबत्यांसह कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वत ओलांडून टाहो सरोवराच्या काठापासून ऑबर्न गावापर्यंत सुमारे १०० मैलांची वाट एका दिवसात घोड्यावरून पार केली. त्यातूनच पुढे टेव्हिस कप ही प्रसिद्ध रपेट रूढ झाली. २४ तासांच्या आत ती पुरी करावी लागते, आणि निघालेल्यांपैकी पुष्कळांना ती पुरी करता येत नाही. १९७२ साली अमेरिकन एन्ड्युरन्स राइड कॉन्फरन्स ही संस्था स्थापन झाली. शेवटास पोहोचणे हाच विजय, असे तिच्या ब्रीदवाक्याचे तात्पर्य आहे.

शेवटास पोहोचणे म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. वाटेत ठरावीक टप्प्यांवर पशुवैद्य घोड्याची तपासणी करतात. नाडीचे ठोके मोजतात, अंगातील पाणी कमी झाले आहे काय ते पाहतात, पोटातील आवाज ऐकतात, आणि तो कोठे लंगडतो की काय हे कळावे म्हणून त्याला दुडक्या चालीने पळवून दाखवावयास सांगतात. घोडा ठीक नसेल तर स्वाराची रपेट तेथेच संपते. अखेरची रेषा ओलांडल्यावरही पुन्हा तपासणी होते आणि घोडा पुढे जाण्यास समर्थ आहे असे पशुवैद्याने म्हटले तरच ती रपेट पुरी झाली असे धरतात. येथे स्वाराच्या महत्त्वाकांक्षेवर मुक्या जनावराच्या प्रकृतीचा अंकुश ठेवलेला आहे. या क्रीडेचा सारा थोरपणा त्यातच आहे, असे मला वाटते.

आता वादाकडे वळू. या संस्थेच्या नियमांप्रमाणे ५० मैल व त्याहून अधिक अंतराच्या रपेटीसच ‘एन्ड्युरन्स’ हे नाव मिळते. २५ ते ३५ मैलांच्या रपेटीस ‘लिमिटेड डिस्टन्स’, म्हणजे ‘मर्यादित अंतर’, असे म्हणतात. दोन्ही गटांची तपासणी पशुवैद्यच करतात आणि पुष्कळदा वाटही काही अंतरापर्यंत एकच असते. परंतु मैलांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या जातात. इथवर तक्रारीस जागा नाही. पण नोंदवहीतील ही रेघ हळूहळू माणसांच्या मनात उतरते. २५ मैलांची रपेट म्हणजे नुसता सराव, खरी एन्ड्युरन्स नव्हे, असे बोलले जाते. “मोठ्या रपेटीला कधी येणार?” असे आपुलकीने विचारले जाते आणि ऐकणाऱ्याच्या मनाला ते काट्यासारखे बोचते.

हे कमी पल्ल्याचे स्वार असतात तरी कोण? कोणी नवशिका असतो. कोणी वर्षानुवर्षे १०० मैलांच्या रपेटी केलेला, पण आता गुडघ्यांनी दगा दिलेला वृद्ध असतो. कोणी आजारातून उठलेली बाई असते. कोणाचा घोडा कोवळा असतो, कोणाचा दुखापतीतून नुकताच बरा झालेला. कोणाला नोकरी आणि संसार सांभाळून आठवड्यात दोनच दिवस खोगीर कसता येते. ‘मर्यादित’ हा शब्द अंतराला लावलेला आहे; तो माणसाला चिकटला की त्याचा अर्थ बदलतो.

तथापि दुसऱ्या बाजूचेही म्हणणे न्यायाने ऐकले पाहिजे. ५० मैल आणि २५ मैल सारखे नाहीत. १०० मैल म्हणजे २५ची चौपट एवढाच हिशेब नसतो. कारण थकवा बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. पहिले २५ मैल आनंदाने गेलेला घोडा ७०व्या मैलावर चारा-पाण्याकडे पाठ फिरवतो. रात्रीच्या अंधारात दरीकाठची वाट चालणे ही निराळीच परीक्षा असते. ज्यांनी ती दिली आहे त्यांना, तुमचे आणि आमचे एकच, असे सांगणे असत्य होईल. आणि असत्य बोलून कोणाचाही खरा सन्मान होत नाही. खोटी बरोबरी ही दयेच्या वेषातील उपेक्षाच होय. म्हणून वेगळ्या नोंदीत मला अन्याय दिसत नाही.

मग अन्याय कोठे आहे? एका गोष्टीचे माप दुसऱ्या गोष्टीला लावण्यात तो आहे. मैलांनी अंतर मोजावे. निष्ठा मैलांनी मोजता येत नाही. नियमांतच याची एक मार्मिक साक्ष आहे. ५० मैलांच्या रपेटीत कोण पुढे हे रेषा ओलांडण्याच्या क्रमाने ठरते. पशुवैद्याची कसोटी त्यानंतर लागते. कमी पल्ल्याच्या रपेटीत मात्र घोड्याच्या नाडीचे ठोके मिनिटाला ६०वर उतरतील तीच स्वाराच्या समाप्तीची वेळ धरली जाते, आणि त्यासाठी अर्ध्या तासाची मुदत असते. बेभान दौडत आलेल्या स्वाराला तेथे थांबावे लागते. अखेरचा मैल खाली उतरून, लगाम हाती धरून पायी चाललेला स्वार त्याच्या पुढे जाऊ शकतो. ज्या गटाला कमी लेखले जाते, त्याच गटात जनावराच्या विसाव्याला विजयाच्या व्याख्येत स्थान मिळाले आहे.

तुच्छतेची किंमतही पाहावी. टोमण्यांनी दुखावलेला स्वार तयारी नसताना ५० मैलांना नाव घालतो. ४ वर्षांच्या घोड्याला कमी पल्ल्यास मुभा असते, ५० मैलांस ५ वर्षे पुरी व्हावी लागतात. वयाची अट अशी कागदावर पाळता येते, पण मालकाचा दुखावलेला अभिमान कोणत्याही तपासणीत सापडत नाही. अपमान माणसाचा होतो आणि त्याचे ओझे घोड्याच्या पाठीवर पडते. त्याला बोलता येत नाही, नकार देता येत नाही. दुसऱ्याला हिणवणे हे केवळ शिष्टाचाराचे उल्लंघन नाही. त्याचे फळ भलत्याच जिवाला भोगावे लागते.

या ठिकाणी मत्तयाच्या शुभवर्तमानातील तालंतांचा दृष्टांत आठवतो. धन्याने आपल्या दासांना सारखे दिले नाही; ज्याची जशी योग्यता तसे दिले. पाचांचे दहा झाले, दोनांचे चार झाले. हिशेब वेगळे, आणि ते वेगळेच सांगितले गेले. कोणी चाराला दहा म्हटले नाही. परंतु मूळ ग्रीक पाठात दोघांना मिळालेली शाबासकी मात्र एकाच शब्दांत आहे. भाषांतर करताना पुनरुक्ती टाळण्यासाठी दुसरीकडे शब्द बदलावेत असा मोह होतो. पण तेथे पुनरुक्ती हाच अर्थ आहे. आकड्यांतील भेद कायम ठेवून शाबासकी एकच ठेवणे, हा न्यायाचा कठीण मार्ग आहे.

कमी पल्ल्याच्या स्वारावरही एक कर्तव्य येते. दुसऱ्याचे १०० मैल पाहून त्याने कडवट होऊ नये, आणि न केलेल्या मैलांचा मान मागू नये. आपले २५ मैल त्याने पूर्ण मनाने करावेत. पुष्कळ रपेटींत वेळेच्या आत सर्वांत शेवटी येणाऱ्यालाही ‘कासव’ नावाचे बक्षीस देण्याची हौशी प्रथा आहे. त्यात थट्टा असते, पण शेवटच्याचीही वाट पाहिली गेली असा दिलासाही असतो.

सायंकाळी तळावर स्वार परततात, धुळीने माखलेले आणि थकलेले. त्यांपैकी कोण किती मैल करून आला हे नोंदवहीत लिहिलेले असेलच. समोर आलेल्या स्वाराला आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, त्यावरून आपण कशाला मान देतो ते कळते. “किती मैल झाले?” हे मागाहून विचारता येईल. आधी विचारावे, “घोडा कसा आहे?” या प्रश्नापुढे २५ मैलांचा स्वार आणि १०० मैलांचा स्वार दोघेही सारखेच उत्तरदायी आहेत.