भूमिशुद्धीचा दृष्टांत

सूत्राचा आशय श्रोत्याच्या नित्य परिचयातील वस्तूच्या आधाराने उलगडून दाखवावा, ही सर्वज्ञ श्रीचक्रधरस्वामींच्या निरूपणाची रीत होय. केशिराजबासांनी सिद्ध केलेल्या दृष्टांतपाठात सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक अशी मांडणी आढळते ती याच कारणाने. त्या रीतीस अनुसरून येथे भूमिशुद्धीचा विचार कर्तव्य आहे.

औंढा नागनाथचा परिसर डोंगराळ. उतारावर मुरमाड माती, सखल भागात काळी. हिंगोली जिल्हा हा हळदीचा प्रदेश. आणि हळद 8 ते 9 महिने भूमीत राहणारे, उगवणीस मंद असे पीक असल्यामुळे तण म्हणजे काय, हे येथील शेतकऱ्यास शिकवावे लागत नाही. तोच शेतकरी घराच्या अंगणात हिरवळ लावू लागला की मात्र घाई करतो. गवतच लावायचे, त्यासाठी एवढे कष्ट कशास, असे त्यास वाटते. जुने गवत विळ्याने कापून, वर माती पसरून तो लागवड उरकतो. आषाढात अंगण हिरवे दिसते. श्रावणात त्यातून लव्हाळा डोके वर काढतो.

लव्हाळ्याचे जीवन पात्यांत नसून मातीखालच्या गाठींत असते. या गाठी बारीक तंतूंनी परस्परांस जोडलेल्या असतात. पाते उपटले की तंतू तुटतो आणि मागे राहिलेली गाठ स्वतंत्रपणे फुटते. हरळीच्या काशांचेही तेच. एका काशीचे दहा तुकडे ओल्या मातीत राहिले, तर दहा ठिकाणी हरळी. म्हणून वैशाखात भूमी वीतभर खणून ढेकळे उन्हात तापू देतात आणि काशा व गाठी हाताने वेचतात. वेचलेले बांधावर टाकणे ही केवळ आपली समजूत. पहिल्या पावसाने ते पुन्हा मूळ धरते.

येथवर सर्वांस ठाऊक आहे. पुढचा भाग सूक्ष्म, आणि दृष्टांताचा गाभा तोच. शेणखत मिसळून, भूमी सपाट करून, लागवडीपूर्वी एकदा पाणी देतात आणि दोन-तीन आठवडे थांबतात. वरच्या थरातील बीज तेवढ्यात अंकुरते. ते कोवळे असतानाच खुरप्याने वरच्यावर काढावयाचे. या वेळी पुन्हा खोल खणले तर केलेले श्रम व्यर्थ. अनेक तणांचे बीज प्रकाशावाचून वर्षानुवर्षे खाली निजून असते, आणि कुदळ तेच वर आणते.

दार्ष्टांतिक असे : जीवाच्या ठायी अविद्या अनादी आहे; विकार ही तिची पाती. बाह्य आचाराने पाती कापली जातात, गाठ राहते. अनुताप हे वैशाखातील खणणे. ते पूर्ण व्हावे. परंतु अनेक साधक नंतरही तोच जुना दोष नित्य उकरतात आणि त्यास वैराग्य मानतात. त्या वेळी त्यांच्या चित्तात परमेश्वराचे स्मरण नसते, स्वतःचेच असते. आज उगवलेला अंकुर आज, हलक्या हाताने काढणे, हे नित्यविधीचे काम.

येथे शंका उद्भवते. अहिंसा हा आपल्या आचाराचा कणा; मग खणण्याचा दृष्टांत कसा शोभेल? भिक्षुकास भूमी खणण्याचे प्रयोजनच नाही. वासनिकाचे पोट भूमीवर आहे. त्याने पाहावे ते इतकेच की, अर्धवट काम करून दर पंधरवड्यास भूमी उकरणे आणि एकदा नीट करून पुढे हात आवरणे, यांत जीवांस उपद्रव कोणत्या मार्गाने कमी. गाजरगवताचे उदाहरण घ्यावे. 1955 च्या सुमारास पुण्यात आढळलेले हे तण आज गावोगाव आहे. एक झाड हजारो बीजे टाकते. फुलण्यापूर्वी एक उपटले नाही तर पुढे शेकडो उपटावी लागतात.

हरळीविषयी एक गोष्ट राहिली. अंगणात हिरवळ म्हणून बहुधा लावतात ती हरळीच. शेतातून जिच्या काशा वेचून जाळल्या, तिचेच निवडक तुकडे पाऊस पडल्यावर चार-चार बोटांवर खोचतात. पसरण्याचा तिचा जोर तोच. शेतात तो पीक गिळतो, अंगणात माती धरून ठेवतो. विषयांकडे धावणाऱ्या जीवाच्या आवडीस परमेश्वराकडे वळविता येते, ती अशी. भूमी मोकळी मात्र ठेवता येत नाही. तुकड्यांमधील जागा भरून येईपर्यंत खुरपे हाताशी असावे लागते.