निशाण शेजारचं, नेम अचूक

ठासणीची बंदूक म्हटली की धुराचा लोट आणि भलतीकडे गेलेली गोळी डोळ्यांसमोर येते. एकोणिसाव्या शतकात मात्र याच बंदुकीने अचूकतेची अशी मजल मारली की ती सैन्यालाही झेपेना. गंमत म्हणजे, ती मारणारी माणसं पिढीजात बंदूकवाली नव्हतीच.

अमेरिकेतला अल्व्हन क्लार्क पुढे दुर्बिणींच्या भिंगांसाठी नावाजला. १८४० साली त्याने पेटंट घेतलं ते बंदुकीच्या खोट्या तोंडाचं. गोळी नळीतून सुटते त्या शेवटच्या कडेवर एका बाजूला जराशी झीज झाली, तरी मागचा वायू तिथून आधी निसटतो आणि गोळीला धक्का देतो. ठासणीच्या बंदुकीत तर भरताना गज त्याच कडेला घासणार! क्लार्कने नळीचं टोक कापून खुंट्यांनी परत बसवलं आणि मग दोन्हींत सलग आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणारे पिळदार चर, पाडले. भरताना तुकडा चढवायचा, बार काढण्याआधी उतरवायचा. काय झीज व्हायची ती तुकड्याची.

मँचेस्टरचा जोसेफ व्हिटवर्थ यंत्रं बनवणारा, इंचाच्या दशलक्षांशाचा हिशेब ठेवणारा. बंदुका यंत्रावर कशा बनवाव्यात, असं १८५४ मध्ये सरकारने त्याला विचारलं. आधी नळी कशी हवी ते ठरवू द्या, म्हणून तो अडून बसला आणि घराच्या आवारात ५०० यार्डांची बंदिस्त चाचणी-वाट उभारून घेतली. लष्कराच्या तेव्हाच्या एन्फील्ड रायफलीच्या ०.५७७ इंची नळीतले आटे ७८ इंचांत एक फेरा घेत, व्हिटवर्थची ०.४५१ इंची षटकोनी नळी २० इंचांतच. १८५७च्या चाचणीत ५०० यार्डांवर एन्फील्डची सरासरी चूक सव्वादोन फुटांची निघाली, हिची साडेचार इंचांच्या आत.

तरी लष्कराने तिला नकार दिला. किंमत एन्फील्डच्या कैकपट, शिवाय दारूची काजळी धरली की नळीत गोळी उतरेना. लष्कराला हसणारे खूप आहेत. मला त्यांचा नकार शहाणपणाचाच वाटतो. धावपळीत बंदूक भरणाऱ्या शिपायाला नळी पुसायला उसंत कुठली? ती होती नेमबाजीच्या मैदानावर. १८६०मध्ये विम्बल्डनला व्हिक्टोरिया राणीने स्पर्धेचा पहिला बार काढला तो घोडीवर पक्क्या बसवलेल्या व्हिटवर्थचा, नुसती दोरी ओढून. गोळी केंद्रापासून जेमतेम सव्वा इंचावर लागली.

१८७४मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूरला आयर्लंडचे नेमबाज ठासणीच्या रिग्बी रायफली घेऊन उतरले, अमेरिकन संघ मागून भरायच्या रायफली घेऊन. आयर्लंड ९३१-९३४ असं हरलं. त्यांच्या एका नेमबाजाची गोळी निशाणाच्या बरोबर मध्यावर बसली होती, पण निशाण शेजारचं होतं.