आयते पान

बलिप्रतिपदेच्या संध्याकाळी मराठी घरात एक छोटासा व्यवहार होतो. नवरा पाटावर बसतो, बायको निरांजन लावून त्याला ओवाळते आणि तो तबकात काही घालतो. ज्यांची ऐपत आहे ते साडी घालतात, दागिना घालतात. आमच्यासारखी मास्तर मंडळी नोट घालतात. ती नोट कपाटातल्या साड्यांच्या घडीखाली जाते, आणि भाऊबीजेचे पाहुणे परतून पंधरा दिवस होत नाहीत तोच मुलाच्या वह्या, गॅसची टाकी किंवा कुणाचे तरी आजारपण अशा निमित्ताने पुन्हा घरखर्चात येऊन मिळते. तिने फक्त जागा बदललेली असते. शर्टाच्या खिशातून निघाली, तबकात क्षणभर चमकली आणि डाळीच्या डब्यात गेली.

हे पाहताना मला दरवर्षी एक प्रश्न पडतो. नवरा-बायकोंना एकमेकांना काही देता येते का? द्यायचे म्हटले की दोन माणसे लागतात, तसे दोन खिसेही लागतात. ज्या घरात खिसा एकच, तिथे देणारा आणि घेणारा यांत भेद तरी कसा करायचा? पगार एकाचा असो वा दोघांचा, महिन्याच्या वीस तारखेनंतर तो कुणाचाच नसतो. मग पाडव्याची ओवाळणी, लग्नाच्या वाढदिवसाची साडी, ही सारी आपण आपल्यालाच दिलेली भेट नव्हे काय?

जुन्या शास्त्रकारांना ही अडचण दिसली असावी. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांत ‘प्रीतीने दिलेले’ असा एक प्रकार आहे. म्हणजे प्रेमाने दिले तरी ते तिचे स्वतःचे व्हायला हवे, पुन्हा डाळीच्या डब्यात जाता कामा नये, एवढे त्यांना कळत होते. अर्थात त्याच ग्रंथात दुसरीकडे भार्येला धनच नसते असेही म्हटले आहे! पण तो वाद पंडितांनी घालावा. आपला प्रश्न साधा आहे: ज्याच्याजवळ वेगळे काढून द्यायला पैसा नाही, त्याने आपल्या माणसाचे कौतुक करायचे ते कशाने?

यावर एक उत्तर ठरलेले आहे, आणि ते देताना आपला चेहरा प्रसन्न होतो. पैशाने काय होते? घरीच चार पदार्थ करावेत, एस.टी.ने जवळपास कुठे जाऊन यावे, नदीकाठी डबा उघडावा. त्यात जो आनंद आहे तो मोठ्या हॉटेलात नाही. मलाही हे उत्तर आवडते. मी स्वतः पंचतारांकित म्हणतात तसल्या जागी एकदाच, एका सभेनिमित्त गेलो होतो आणि तिथल्या गालिच्यावर पाऊल टाकताना चपलेची मला इतकी चिंता वाटली की सभेत कोण काय बोलले ते आठवत नाही. परंतु या साध्या आनंदाचा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा असे मला वाटते. आम्हा मास्तरांना ती सवयच असते.

समजा, सकाळी सातच्या गाडीने निघायचे आहे. बाहेर खाणे परवडत नाही, म्हणून दशम्या न्यायच्या. दशमी दुधात भिजवायची, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत मऊ राहते. चार माणसांच्या दोन वेळच्या म्हणजे चोवीस-पंचवीस तरी हव्यात. शेंगदाण्याची चटणी आदल्या रात्री कुटून ठेवायची. बटाट्याची सुकी भाजी मात्र सकाळीच केलेली बरी, नाहीतर दुपारी तिला वास येतो. धाकट्याला तिखट चालत नाही, त्याच्यासाठी गूळ-तूप वेगळे. पाण्याच्या बाटल्या, वाट्या, जुने वर्तमानपत्र, हात पुसायला फडके. हे सारे सातच्या आत बांधून तयार व्हायचे तर कोणीतरी पहाटे चारला उठले पाहिजे. ते ‘कोणीतरी’ कोण, हे सांगायला नको. गाडीत बसल्यावर नवरा समाधानाने म्हणतो, “बघ, हजार रुपये वाचले.” वाचले खरेच. पण ते तिच्या झोपेतून वाचले. आणि सहल तिच्या वाढदिवसाची असते!

सरकारने २०१९ साली देशभर घरोघर जाऊन माणसांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली होती. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे जातात, असे निघाले. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची मिनिटे ९७. हात न लावणारे या सरासरीत धरलेलेच नाहीत, आणि तेच बहुसंख्य आहेत. पाच तासांचा हा खर्च कोणत्याही घराच्या जमाखर्चात लिहिलेला नसतो. लिहिला असता तर ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ आपल्याला वेगळा लागला असता. घरचे जेवण स्वस्त असते, कारण त्यातली सर्वांत महाग वस्तू फुकट धरलेली असते.

तेव्हा काटकसर ही चांगली गोष्ट आहे की नाही, हा वाद मला पोकळ वाटतो. काटकसर कुणाच्या वाट्यातून केली, हे पाहावे. नवऱ्याने स्वतःचा चहा-सुपारीचा खर्च महिनाभर आवरून बायकोला सिनेमाला नेले, तर ती काटकसर देणगी होते. त्याचे सारे जिथल्या तिथे राहिले आणि ‘आपल्याला साधेपणाच आवडतो’ असे तो तिच्या वतीने म्हणाला, तर दुसऱ्याच्या पानातला घास काढून पुन्हा त्यालाच वाढल्यासारखे ते झाले.

मग नव्या पिढीतले काही नवरे, आणि आमच्या पिढीतलेही एखाददुसरे, म्हणतात की त्या दिवशी स्वयंपाक मी करीन. उत्तम. पण हा प्रयोग मी पुष्कळ घरांत पाहिला आहे. तिला खुर्चीवर बसवतात. ती बसते, आणि पहिल्या पाच मिनिटांत आतून हाक येते, “अगं, मोहरी कुठल्या डब्यात?” मग हिंग. मग, “पीठ सैल झालंय का, जरा येऊन बघतेस?” पिठल्यात गुठळ्या झाल्या की ती उठते. तिचे हात रिकामे असतात, पण डोके त्याच कढईत असते. जेवणानंतर साऱ्या घराला नवऱ्याच्या पराक्रमाचे कौतुक करावे लागते, आणि ओट्यावर एकावर एक रचलेली सात पातेली दुसऱ्या दिवशीपर्यंत तिची वाट पाहत राहतात. एका दिवसाच्या राजाचे राज्य आवरायला दुसरा दिवस लागतो.

याची दुसरी बाजूही आहे. आपल्या स्वयंपाकघरात कुणी शिरलेले खपत नाही अशा बायका मी पाहिल्या आहेत, आणि त्या काही दुबळ्या नव्हेत. एवढ्या मोठ्या घरात तिचा शब्द चालेल अशी ती एकच खोली असते. तिथे जाऊन “तू आज बस” म्हणणे हे तिला उपकारापेक्षा अतिक्रमण वाटले तर नवल नाही. शिवाय काहींना रांधण्यात खराच आनंद असतो, चित्रकाराला रंगात असावा तसा. त्यांना पाटावर बसवून ठेवणे म्हणजे सुट्टीच्या दिवशी कवीला लिहायची बंदी करण्यासारखे आहे. म्हणून ‘नवऱ्याने स्वयंपाक करावा’ हा नियम करून प्रश्न सुटत नाही. ही बायको त्यातली की त्यातली, हे आधी कळायला हवे. कळायचे तर विचारायला हवे.

आणि विचारले की उत्तर येते, “मला काही नको.”

या तीन शब्दांनी मराठी नवऱ्यांची जितकी सोय केली आहे तितकी दुसऱ्या कशानेही केली नसेल. विचारण्याचे कर्तव्य झाले, उत्तर मिळाले, प्रकरण मिटले. पण हे ‘काही नको’ खरे मानावे का? नीतीचा सगळ्यांत अवघड भाग मला इथे दिसतो. तिचे बोलणे खोटे आहे असे म्हणावे, तर तिच्या मनातले तिच्यापेक्षा आपल्याला अधिक कळते असा उद्धटपणा होतो. खरे मानावे, तर वीस-पंचवीस वर्षे मागून मिळत नाही म्हणून मागणेच बंद केलेल्या माणसाची ती सवय आपण तृप्ती म्हणून स्वीकारतो. पाऊल वाढू नये म्हणून लहानपणी घट्ट बांधून ठेवले आणि पुढे “तिला मोठे बूट आवडतच नाहीत” असे म्हटले, तर ते खोटे नसते. पण त्यात आपला हात असतो.

कालिदासाला हे माहीत होते. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणा गर्भवती असते आणि तिला काय हवे ते ती लाजेने सांगत नाही. तेव्हा दिलीप राजा पुन्हा पुन्हा तिच्या सख्यांना विचारतो, की हिचे मन कशावर आहे? उत्तर कोसलचा स्वामी, पण बायकोच्या ‘काही नको’पाशी तो थांबला नाही. मला त्या प्रसंगातले ‘पुन्हा पुन्हा’ फार महत्त्वाचे वाटते. आपल्याकडे डोहाळजेवणे होतात. चांदण्यातले, नावेतले, झोपाळ्यावरचे. तुला काय खावेसे वाटते, असे बाईला समाजाने रीतसर विचारण्याचा तो बहुधा एकच प्रसंग, आणि तोही पोटातल्या बाळासाठी. बाळ जन्मले की विचारणारे पांगतात.

भवभूतीची सीता तर मोकळेपणाने मागते. ‘उत्तररामचरिता’च्या पहिल्या अंकात जुन्या वनवासाची चित्रे पाहता पाहता तिला वाटते, ती शांत वने पुन्हा हिंडावीत, भागीरथीच्या थंड पाण्यात उतरावे. राणीला राजवाड्याबाहेरची ही बिनखर्चाची सहल हवी असते! राम तत्काळ रथ जोडायला सांगतो. पुढे काय झाले ते आपण जाणतोच: त्याच रथातून तिला वनात सोडले गेले. हा अंक वाचल्यावर, बायका आपल्या इच्छा सांगायला का कचरत असतील याचे मला आश्चर्य वाटेनासे झाले.

नवऱ्यांनाही ‘काही नको’ची सवय असते, हे मान्य केले पाहिजे. झिजलेल्या चपला “अजून चालतात” म्हणून वापरणारे बाप घरोघर आहेत. त्यांनाही कुणी पुन्हा विचारायला हवे. पण त्यांचे पान निदान रोज कुणीतरी वाढते.

आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहेत. वहिनी घरी शिवणकाम करतात. लग्नाच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवसाआधी त्यांनी बायकोला विचारले आणि ठरलेले उत्तर आले. मास्तर चिवट. मेथी निवडताना, दिवे गेलेले असताना, बाजारातून परतताना, महिनाभर ते वेगवेगळ्या वाटांनी तिथेच येत राहिले. तेव्हा उत्तर तुकड्यातुकड्याने मिळाले. एक, एस.टी.त खिडकीची जागा; लग्न झाल्यापासून ती आधी सासूबाईंची, मग मुलांची. दोन, जिथे ओळखीचे कुणी नसेल असे गाव. देव नको, नातेवाईक नकोत. तीन, कुणीतरी वाढलेले गरम पान. “आणि तुम्ही केलेलं नको,” वहिनी म्हणाल्या, “नाहीतर मला छान झालंय म्हणावं लागेल.”

त्या दिवशी घरातून डबा निघाला नाही. दोघे वाईला गेली. २०२३ सालापासून एस.टी.त बायकांना निम्मे तिकीट आहे आणि त्या योजनेला सरकारने नावही ‘महिला सन्मान’ असे दिले आहे. कंडक्टरने तिकिटे फाडल्यावर वहिनी खिडकीतून बाहेर पाहतच म्हणाल्या, “तुमचं पूर्ण, माझं अर्धं. आजच असं झालं.”

बाजारपेठेतल्या एका साध्या खानावळीत ती जेवली. ज्वारीची भाकरी, भरले वांगे, आमटी-भात, ताक. मास्तर सवयीप्रमाणे दहा मिनिटांत आटोपून हात धुऊन आले, तो वहिनींची पहिली भाकरी चालू होती. त्यांनी दुसरी मागितली. तव्यावरून पानात आलेली होती, तिची वाफ जाईपर्यंत थांबल्या, मग सावकाश एकेक तुकडा मोडत राहिल्या. मास्तर समोर बसून होते. हे सांगताना ते मला म्हणाले, “अठ्ठावीस वर्षं एका घरात राहिलो, पण ही जेवायला किती वेळ घेते ते मला माहीत नव्हतं. मी उठल्यावरच तिचं पान व्हायचं.”

मग ती तीनेक किलोमीटर चालत मेणवलीला गेली. नाना फडणिसांचा वाडा बाहेरून पाहिला. घाटावरच्या छोट्या देवळातली ती प्रचंड पोर्तुगीज घंटा पाहिली. १७३९ च्या वसईच्या मोहिमेतून ती आली असे सांगतात. मास्तरांना तिचे रेखाचित्र काढायचे होते, पण वही त्यांनी मुद्दाम घरी ठेवली होती. वहिनी पायऱ्यांवर कृष्णेत पाय सोडून बसल्या. चार वाजले तेव्हा मास्तर म्हणाले, “गाडीची वेळ झाली.” वहिनींनी पाण्याकडे पाहत विचारले, “यानंतरची किती वाजता?”

मास्तर पुन्हा खाली बसले.