कासूला कोण उतरतं?

रोह्यात, धावीर महाराजांच्या देवळाजवळच्या आळीत, एक नववीतली मुलगी युकुलेले शिकत होती. शिकवायला कुणी नव्हतं. फोनवर बघायचं आणि ओटीवर बसून वाजवायचं. चार तारांचं ते इवलंसं वाद्य मावशीने वाढदिवसाला दिलेलं. आजोबांचा जन्म भजनी मंडळाला पेटीची साथ करण्यात गेलेला. त्यांनी पहिल्याच दिवशी चारही तारा छेडून बघितल्या. इंग्रजी सी हा षड्ज धरला, तर हनुवटीकडची तार पंचम, मग षड्ज, गंधार आणि धैवत. "सगळी ओळखीचीच माणसं आहेत की," ते म्हणाले.

माणसं ओळखीची, पण आलेली फार लांबून. १८७९ च्या ऑगस्टमध्ये मदैरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून होनोलुलूला उतरले, हवाईच्या ऊसमळ्यांत राबायला. त्यांच्या छोट्या गिटारीवरून, त्यांच्यातल्याच सुतारकाम जाणणाऱ्या तिघांनी तिथे युकुलेले घडवलं. आपल्याकडेही कुंडलिकेबरोबर रोह्याहून खाली गेलं की खाडीच्या मुखाशी कोर्लई लागतं. पोर्तुगीजांची सत्ता तिथून १७४० मध्ये गेली, पण गावातली काही घरं त्यांच्या भाषेतून उगवलेली बोली अजून बोलतात. पाहुणा निघून जातो, त्याचं बोलणं मात्र कुणाच्या तरी घरचं होऊन राहतं.

तर मुलगी झपाट्याने शिकली. गौरीगणपतीत पेणला मामाच्या घरी वाजवायला तिने एक चाल बसवली. चालीत सी होता, एफ होता आणि दोघांच्या मध्ये दोन मात्रांपुरता सी ऑगमेंटेड. वाजवायला तो अगदी सोपा. सी कॉर्डला धैवताच्या तारेवर तिसऱ्या पडद्यात एकच बोट असतं. ते तसंच ठेवायचं आणि पंचमाच्या तारेवर पहिल्या पडद्यात दुसरं बोट टेकवायचं, झालं. पण कानाला? तो वाजला की तिला दाढ ठणकल्यासारखं व्हायचं. तिने तारा पुन्हा लावल्या, बोट पुढेमागे सरकवून पाहिलं. काही उपयोग झाला नाही.

आजोबांनी पेटीवर तेच तीन सूर दाबले. षड्ज, गंधार, कोमल धैवत. भाता ओढत ते बराच वेळ ऐकत राहिले.

"पंचम गेलाय ना गं यातला. आणि मध्यमही नाही. तानपुऱ्याला बघ, पंचम नसलेला मालकंस असला तर आम्ही मध्यमाचा आधार घेतो. इथे दोन्ही नाहीत. सूर टेकणार कुठे?"

"म्हणजे चुकीचाच आहे."

"तसं नाही म्हटलं मी." ते पट्ट्या मोजू लागले. षड्जापासून गंधार चार पट्ट्या, गंधारापासून कोमल धैवत चार, तिथून वरचा षड्ज पुन्हा चार. सप्तकाचे तीन सारखे वाटे. यातला थोरला कोण, ते कळायला मार्गच नाही. म्हणून पुस्तकात बारा ऑगमेंटेड कॉर्ड असले तरी सूर पाहिले तर चारच भरतात. प्रत्येकाला तीन-तीन नावं. तीच आकृती चार पडदे वर सरकवा, सूर तेच निघतात.

मला वाटतं, कॉर्ड शिकवताना आपण एकेकाचं चित्र काढून दाखवतो, तिथेच घोळ होतो. काही कॉर्ड एकटे ऐकायचे नसतातच. पण हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नाही, आणि सांगून पटलंही नसतं. तिने तो कॉर्ड चालीतून काढून टाकला. दोन मात्रांचा तर प्रश्न, कुणाला कळणार होतं?

गौरी आल्या त्या दिवशी आजोबा आणि ती रोह्याहून दिव्याच्या मेमूत बसले. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. नागोठणं गेलं, मग गाडी कासूला थांबली. बाहेर ओली भातशेतं आणि जवळजवळ रिकामा फलाट. मुलगी घामाघूम झाली होती.

"इथे कशाला थांबवतात? कासूला कोण उतरतं?"

दाराशी शिराळी आणि काकड्यांची रिकामी झालेली पाटी घेऊन एक बाई उभी होती. तिने पाटी कमरेला लावली आणि मागे वळून हसली. "मी उतरतंय बाय. माजा घर हाय तिथं."

ती उतरली. फलाटाच्या टोकाला एक लहान पोर धावत आलं आणि तिच्या पदराला लोंबकळलं. गाडी सुटली. मुलगी पेण येईपर्यंत काही बोलली नाही.

पेणला मामाचा मूर्तींचा कारखाना रिकामा होता. वर्षभर ज्या फळ्यांवर गणपती दाटीने बसलेले असतात, तिथे रंगाचे ओघळ तेवढे राहिले होते. रात्री आरती, जेवणं उरकल्यावर तिने युकुलेले काढलं. सी वाजवला. मग, काढून टाकलेलं ते बोट तिने पंचमाच्या तारेवर ठेवलं. मग एफ. पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत. एकाच तारेवर एकेक पडदा चढत सूर वर गेला.

आजोबा सावरून बसले. "पुन्हा."

तिने पुन्हा वाजवलं, पण या खेपेला ती मधल्या कॉर्डवरच थांबली. दोन मात्रा गेल्या, चार गेल्या. मामी दारात ओले हात पुसत उभी राहिली.

"एफला जाऊ नकोस आता," आजोबा हळूच म्हणाले. "गंधाराला षड्ज मान. त्याचं घर कुठे लागतं, बघ."

ती चाचपडली. गंधाराची तार मोकळी सोडली, पंचमाच्या तारेवरचं बोट दुसऱ्या पडद्यात नेलं, षड्जाच्या तारेवर पहिला पडदा दाबला, धैवताची तार उघडी केली. ए कॉर्ड वाजला. तिच्या चालीत कधीच नसलेला, स्वच्छ, उजेडासारखा.

"आणि तिसरा, कोमल धैवत?" तिने विचारलं.

"त्यालाही असेल की," आजोबा म्हणाले आणि त्यांनी पेटी पुढे ओढली.