गर्दीतील तीर्थाटन

घनसावंगी तालुक्यातील जांब या गावी 1608 साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी बारा वर्षे पायी तीर्थाटन केले, असे परंपरा सांगते. त्याच जालना जिल्ह्यातील यात्रेकरू आज जथ्याने बसमधून निघून, सुनौलीच्या सरहद्दीवर वाहनाचा परवाना व जकात यांचा निकाल लागेपर्यंत तिष्ठत राहून, काठमांडूच्या कोलाहलात पशुपतिनाथाच्या दर्शनास जातात, तेव्हा चालण्याच्या कष्टांवाचून घडलेल्या या यात्रेस तप म्हणावे काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो.

माझ्या मते येथे तपाचे केवळ स्थानांतर झाले आहे. एकाकी पथिकास वाटेवरचे काटे सोसावे लागत, समुदायातील यात्रेकरूस सहप्रवाशांचे स्वभाव सोसावे लागतात. आणि खिडकीजवळच्या आसनावरील हक्क आपण होऊन सोडणे, हे वैराग्यही सुलभ नव्हे. शिवाय परमुलखातील गर्दीत आपले नाव, वतन, प्रतिष्ठा कोणासही ठाऊक नसते. पशुपतिनाथाची पूजाही परंपरेने दक्षिण भारतातून आलेले भट्टच करतात, हे ध्यानी घेतले म्हणजे ईश्वराच्या दरबारी कोणीच परका नाही, हे तत्त्व प्रत्ययास येते. अहंकाराचा लोप हेच यात्रेचे फळ मानले, तर ते गर्दीतही लाभू शकते. मात्र परतल्यावर यात्रेचाच अभिमान मिरवला, तर पायी गेलेल्याचेही पुण्य जमेस धरता येणार नाही.