पाचची हवा

"आत्या, तू इतकी वर्षं भूगोल शिकवलास. मग सांग, पहाटे पाचला मी पळू की नको?"

भाची दादरला राहते, अंधेरीला नोकरी करते. पाऊस ओसरल्यावर तिने शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती पळायला सुरुवात केली. आता जानेवारी आहे, आणि फोनवर हवेचा आकडा बहुतेक दिवशी नारिंगी नाहीतर लाल असतो.

"संध्याकाळी पळ की," मी म्हटलं.

"घरी पोचायलाच साडेआठ होतात. आणि तेव्हा कट्ट्याजवळ पाय ठेवायला जागा नसते. लोकलमध्ये रोज जाता-येता माझं अंग माझं नसतं गं. कुणाचं कोपर, कुणाची पर्स. पाचला मात्र रस्त्याची अख्खी रुंदी माझी असते. न थांबता पहिली फेरी पूर्ण झाली ना, सव्वा किलोमीटरसुद्धा नाही ती, तेव्हा या शहरात मला पहिल्यांदा जागा मिळाली असं वाटलं."

हे ऐकल्यावर 'नको' म्हणणं सोपं राहिलं नाही. पण मला जे ठाऊक आहे ते तिच्यापासून लपवणंही बरोबर नव्हतं.

"पहाटेची हवा शुद्ध, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. मुंबईच्या हिवाळ्यात ते पुष्कळदा उलटं असतं. दुपारी समुद्रावरून खारे वारे येतात, धूर आणि धूळ पांगवतात. रात्री वारा फिरतो, मतलई वारे सुटतात, पण ते दुबळे. जमीन निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होऊन खाली बसते, वर उबदार थर राहतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. गाड्यांचा धूर, बांधकामाची धूळ, पेटवलेला कचरा, सगळं त्याच्याखाली कोंडतं. ऊन चढलं, जमीन तापली, की मग ते हळूहळू सुटतं. तू पळतेस ती वेळ त्याच्या आधीची."

"म्हणजे मला जी ताजी वाटते, ती फक्त गार असते?"

"हो. आणि बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-आठ लिटर हवा घेतो. जोरात पळताना पन्नासच्या पुढे, तीही तोंडाने. नाकात जे थोडंफार अडतं तेही मग अडत नाही."

ती तयारीनेच आली होती. म्हणाली, "पीएम 2.5 ची, म्हणजे हवेतल्या सूक्ष्म कणांची, चोवीस तासांची आपली मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेची, 2021 पासून, 15. समज, आज आकडा 50 आहे. आपल्या हिशेबाने मी सुखरूप, त्यांच्या हिशेबाने तिपटीच्याही वर. छाती तर एकच आहे."

"छातीला विचारशील तर 15 खरं. 60 ही आपण परिस्थितीशी केलेली तडजोड."

"मग तडजोडीत राहणाऱ्यांनी पळायचंच नाही? केंब्रिजच्या संशोधकांनी 2016 मध्ये गणित मांडलं होतं. हवेची सरासरी 100 असली, तरी रोज दीड तास सायकल चालवेपर्यंत व्यायामाचा फायदा तोट्यापेक्षा जास्तच राहतो. मी चाळीस मिनिटं पळते."

"ते गणित वर्षानुवर्षांच्या सरासरीचं आहे, आणि सायकलचं. लहानपणी तुझी दम्याची उबळ मी रात्रभर बसून पाहिली आहे. ती त्या सरासरीत कुठे आहे?"

यावर ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मला टोचतं ते वेगळंच आहे. पळून झाल्यावर मी कट्ट्यावर पाय ताणते, घरी निघेपर्यंत झाडू लागलेला असतो. एक बाई असते, नाकावर ओढणी बांधलेली, हातात लांब दांड्याचा खराटा. दिव्याखाली तिच्या पायाशी धूळ उठताना स्पष्ट दिसते. मी तिच्याजवळून जाताना श्वास रोखते. चार पावलं, की सुटले. ती त्यातच उभी. मी पळू की नको हा प्रश्न मला पडतो, कारण मी घरी बसू शकते. तिला तो विचारायची सोयच नाही."

"तू घरी बसलीस म्हणून तिची धूळ कमी होणार नाही."

"नाही ना. पण ज्यांना शक्य आहे ते सगळे खिडक्या लावून बसले, तर पाचच्या रस्त्यावर फक्त ज्यांना यावंच लागतं ते उरतील. मग ही हवा कुणाला दिसणार?"

मला हा मुद्दा पटला, पण त्यातून तिने काढलेला निष्कर्ष नाही. धूळ दिसावी म्हणून ती स्वतःच्या फुप्फुसात साठवायची, हे मला मान्य नाही. साक्ष द्यायला डोळे पुरतात. तेच मी तिला म्हटलं, आणि विचारलं, "तिथे नक्की काय दिसतं तुला?"

"राडारोड्याचे डंपर. ताडपत्री नाही. वळणावर माती सांडते, दुसऱ्या गाड्या ती उडवतात."

"महापालिकेने ऑक्टोबर 2023 मध्ये नियम काढलेत. राडारोड्याची गाडी झाकलेली हवी, साइटवरून बाहेर पडताना चाकं धुतलेली हवीत. सत्तर मीटरहून उंच इमारतीभोवती 35 फुटी पत्रे हवेत. डंपरचा नंबर घेतलास?"

"पळता पळता वाचता येत नाही."

"मग आकडा वाईट असेल त्या दिवशी पळू नकोस, चाल. नाकाने श्वास घेत, सावकाश. रस्त्याची रुंदी तेवढीच मिळेल तुला. नंबर वाचता येईल, त्या बाईशी बोलता येईल, तिला चांगला मास्क मिळतो का ते विचारता येईल. तक्रार आपण दोघी मिळून लिहू, वॉर्ड ऑफिसला मी जाते. मला वेळ आहे."

"आणि हवा चांगली असेल त्या दिवशी पळू?"

"पोटभर पळ. फक्त 'चांगली' कुठल्या आकड्याला म्हणणार, ते आधी ठरव."

तिने फोन काढला, मागचे काही आठवडे वर-खाली करून पाहिले. "15 धरला तर जानेवारीत क्वचितच एखादा दिवस मिळेल."

"तेही लिही तक्रारीत," मी म्हटलं. "अगदी वरच."