अपेक्षाभंगाचा अधिकार

ज्या कलाकृतीला जगातील जाणत्या पंचांनी सर्वश्रेष्ठ म्हणून गौरविले, ती पाहूनही ज्याचे अंतःकरण कोरडेच राहिले, त्या प्रेक्षकाने स्वतःविषयी काय समजावे, हा प्रश्न वरवर पाहता रसिकतेच्या प्रांतातला वाटतो; परंतु थोडे खोलात शिरले की तो प्रमाणशास्त्राचा होतो, आणि आणखी खोलात गेले की भक्तिशास्त्राचा होऊन बसतो. शब्दप्रमाण श्रेष्ठ की स्वानुभव श्रेष्ठ, आप्तवचनावर विसंबावे की प्रचीती आल्यावाचून मान तुकवू नये, हा वाद ज्या भूमीत शतकानुशतके चालला, तेथल्या माणसाला चित्रपट पाहून उदास मनाने उठतानाही तोच वाद नव्या वेशात भेटावा, हे मला स्वाभाविक वाटते.

माझ्यापुरते या विचाराचे निमित्त झाले ते ‘रोमा’ या मेक्सिकन चित्रपटाचे. आल्फोन्सो क्वारोन यांच्या या कृष्णधवल कृतीला २०१८ च्या सप्टेंबरात व्हेनिसच्या महोत्सवात सुवर्णसिंह मिळाला, आणि पुढील फेब्रुवारीत दिग्दर्शन, छायालेखन व परभाषिक चित्रपट असे तीन ऑस्कर सन्मान तिच्या पदरात पडले. चिखलीत एका स्नेह्यांच्या माडीवर भिंतीला पडदा लावून आम्ही काही मंडळींनी तो पाहिला. आरंभीच फरशीवर पाणी ओतले जाते, पुन्हा ओतले जाते, साबणाचा फेस सरकत जातो, त्या पाण्यात आभाळाचा एक चौकोन उमटतो आणि त्या चौकोनातून एक विमान हळूहळू निघून जाते. एवढे घडायला कित्येक मिनिटे लागतात. १९७० च्या सुमारास मेक्सिको शहरातील एका सुखवस्तू डॉक्टरच्या घरी धुणीभांडी करणारी, मुलांना शाळेत पोहोचविणारी, निजविणारी आणि उठविणारी क्लिओ नावाची आदिवासी मुलगी, हीच या कथेची नायिका. सव्वादोन तासांत दोन जण उठून गेले. जे राहिले त्यांतील एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांनी महसूल खात्यात कारकुनीपासून नायब तहसीलदारीपर्यंत हयात घालविली आणि हजारो अर्जदारांच्या जबान्या स्वतःच्या कानांनी ऐकल्या, ते अखेरीस मला म्हणाले, “गुरुजी, भांडे घासनारी पोरगी दोन घंटे पाह्यली, पन तिनं मनातलं कायी सांगतलं नाही. याले बक्षीस कायचं भेटलं?”

अशा वेळी सुशिक्षित वर्गाकडून जे उत्तर ठेवणीतून काढले जाते, ते अधिकारभेदाचे असते. तुमची तयारी नाही, तुमची अभिरुची बाजारी चित्रपटांनी बिघडविली, म्हणून तुम्हाला रस चाखता आला नाही, असा त्याचा आशय. हे उत्तर मला अन्यायाचे वाटते, आणि आपल्याच शास्त्राचा त्याला आधार नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायात प्रयोगाच्या सिद्धीचा विचार करताना परीक्षकांचीही तजवीज केलेली आहे. यज्ञवेत्ता, नर्तक, छंदाचा जाणकार, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक अशी ती सभा असून विजयी नटवर्गाला पताका द्यावी, अशीही तेथे व्यवस्था आहे. म्हणजे पुरस्कार ही काही पाश्चात्त्यांची नवलाई नव्हे. परंतु त्याच अध्यायात प्रेक्षकांविषयी जे सांगितले आहे ते अधिक उदार आहे: तरुण शृंगारात रमतात, अर्थपर लोक अर्थात, विरक्त मोक्षकथेत, शूर वीररसात, वृद्ध पुराणाख्यानांत, आणि सर्व गुण एकाच प्रेक्षकाच्या ठायी सापडतील अशी अपेक्षा धरू नये. ज्याला पताका मिळाली ते सर्वांना आवडलेच पाहिजे असे फर्मान मुनींनी काढलेले नाही, आणि न आवडणाऱ्याला सभेबाहेरही घातलेले नाही.

मात्र पताका पाहून मग प्रयोग पाहण्यात एक धोका आहे, आणि त्याचा विचार केल्याखेरीज आमच्या माडीवरील निराशेचा पुरता उलगडा होत नाही. अभिनवगुप्ताने रसप्रतीतीच्या आड येणारी सात विघ्ने मोजली. त्यांत स्वतःच्याच सुखदुःखाच्या अधीन होऊन बसणे हे एक आहे. घरची चिंता मनात घेऊन बसलेल्याला नाटकातील शोक शिवत नाही, हे त्याचे उघड उदाहरण. पुरस्काराची कीर्ती हे मला त्याच विघ्नाचे अर्वाचीन रूप वाटते, कारण ती कीर्ती प्रेक्षकाच्या हाती जणू हक्काचा दस्तऐवज देते. ‘एवढा मोठा सन्मान आहे, तर मला एवढे मिळालेच पाहिजे’ असा दावा घेऊन तो बसतो, आणि प्रत्येक प्रसंगागणिक आतल्या आत वसुलीचा हिशेब मांडत राहतो. ज्या व्हेनिसमध्ये ‘रोमा’ला सिंह मिळाला, तेथेच १९३७ मध्ये प्रभातच्या ‘संत तुकाराम’चा गौरव झाला होता, पण मराठी माणसाने तो चित्रपट त्याआधीच, १९३६ पासून, डोक्यावर घेतलेला होता, आणि म्हणून तेथे वसुलीचा प्रश्नच उद्भवला नाही.

तरीही हा दावा घेऊन येणाऱ्याला मी हीन मानणार नाही. चैत्रात आमच्या रेणुकामातेच्या यात्रेला जी गर्दी लोटते, किंवा होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईजवळ सैलानीबाबांच्या दर्ग्याकडे हिंदू-मुसलमानांची जी रीघ लागते, तिच्यातील किती जण काही न मागता येतात? कुणाला मूल हवे असते, कुणाला पिकाला भाव, कुणी घरातील भ्रमिष्ट झालेल्या माणसाला धरून आणलेले असते. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी, आणि ज्ञानी हा आपला आत्माच असे म्हणणाऱ्या भगवंताने त्याआधी चौघांनाही उदार म्हटले आहे, हे आपण फार लवकर विसरतो. मागणारा उदार कसा? मागण्यासाठी का होईना, तो आला, थांबला, आपले मन त्याने दुसऱ्याच्या दारात ठेवले, म्हणून. परक्या भाषेतील, परक्या देशातील, गाणे नसलेला आणि वेग नसलेला चित्रपट पाहण्यास जो आपली संध्याकाळ देतो, तो मोबदला मागत असला तरी उदारच आहे, आणि त्याची निराशा ही ऐकून घेण्याजोगी कैफियत आहे.

आता त्या कैफियतीचाच मजकूर तपासून पाहू. आमच्या गृहस्थांची तक्रार चित्रपट संथ आहे अशी नव्हती. संथपणा त्यांनी सोसला होता. घरकाम करणारी मुलगी मनातले बोलत नाही, ही त्यांची तक्रार होती. क्लिओ आपल्या सोबतिणीशी आपल्या मिश्तेक बोलीत गप्पा मारते, हसते, गुणगुणते. पण जिवलगाने टाकल्यावर, पोटात मूल असताना, ते मूल मृत जन्मल्यावर, ती गप्प असते. परदेशातील काही टीकाकारांनीही हा आक्षेप घेतला होता, पण आमच्या गृहस्थांनी त्यांतले काही वाचलेले नव्हते. मग ही अपेक्षा त्यांच्या मनात आली कुठून? माझ्या मते ती जनाबाईकडून आली. ज्या समाजात गंगाखेडची एक अनाथ मुलगी नामदेवांच्या घरी दळण-कांडण करते, झाडलोट करते, शेण वेचते, आणि ते सारे करीत असताना बोलते, विठ्ठलाशी हट्टाने बोलते, वेळप्रसंगी त्याला शिव्याही देते, आणि तिचे ते बोलणे सातशे वर्षांनंतरही बायकांच्या तोंडी असते, त्या समाजातील माणूस मोलकरीण पाहताच तिच्या मुखाकडे पाहणार, आणि ती बोलली नाही तर काहीतरी हरवले असे म्हणणार. नाव त्यांनी घेतले नाही. संस्कारांची साक्ष बहुधा अशीच बिननावाची असते. ज्याला आपण अनधिकार म्हणून हिणवायला निघालो होतो, तो एका मोठ्या परंपरेने घडविलेला अधिकार निघाला.

परंतु येथे चित्रपटाची बाजूही मांडली पाहिजे, कारण क्लिओ शेवटी बोलते. समुद्रावर मालकिणीची मुले लाटांत ओढली जातात. पोहता येत नसताना ती पाण्यात शिरते. कॅमेरा तिच्या बरोबरीने, न तुटता, आत जातो आणि बाहेर येतो. मुले वाचतात, सारे कुटुंब वाळूवर तिला बिलगते, आणि तेव्हा रडत रडत ती म्हणते की ते बाळ जन्माला यायला नको होते तिला. दोन तासांत तिच्या दुःखाने उच्चारलेले हे एवढेच. आणि घरी परतल्यावर काय होते? मुले तिच्याकडे केळ्याचे दूध मागतात, ती धुण्याचे गाठोडे उचलून जिना चढू लागते. ज्यांना तिने वाचविले त्यांचे तिच्यावर प्रेम आहे, त्यात खोट नाही. पण ती जे बोलली ते त्यांच्यापैकी कुणी ऐकले, असे मला म्हणवत नाही.

जनाबाई आणि क्लिओ यांच्यातील भेद मला बोलण्या-न-बोलण्यात दिसत नाही, तो श्रोत्यात दिसतो. जनाबाईला ऐकणारा होता. जात्याच्या पलीकडे विठ्ठल बसला आहे, त्याने खुंट्याला हात घातला आहे, या श्रद्धेने तिची वाणी मोकळी झाली. क्लिओच्या जात्यापलीकडची जागा रिकामी आहे, आणि त्या रिकाम्या जागी दिग्दर्शक प्रेक्षकाला बसवितो. ज्ञानेश्वर नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे केवळ अवधान मागतात आणि त्याच्या बदल्यात सर्वसुखाचे आश्वासन देतात. हा चित्रपट अवधान मागतो आणि बदल्यात कसलेच आश्वासन देत नाही. चित्रपटाच्या श्रेयनामावलीच्या अगदी शेवटी उपनिषदांच्या शांतिपाठातील ‘शांतिः शांतिः शांतिः’ ही अक्षरे उमटतात, हे आमच्यापैकी कुणी पाहिले नाही, कारण तोवर दिवे लागले होते. आध्यात्मिक, आधिभौतिक आणि आधिदैविक अशा त्रिविध तापांचे शमन व्हावे म्हणून तीन वेळा म्हटली जाणारी ही प्रार्थना एका मेक्सिकन दिग्दर्शकाने आपल्याला वाढविणाऱ्या दाईला अर्पण केलेल्या कथेच्या शेवटी ठेवावी, हे मला त्याच्या हेतूचे प्रमाण वाटते. आमची निराशा येथे उमजू लागते: आम्ही अर्थार्थी होऊन गेलो होतो, मागायला गेलो होतो, आणि आम्हाला देवाच्या जागी बसवून आमच्याकडेच मागणे मागण्यात आले.

हा सारा विचार मी पुढे त्या गृहस्थांपुढे मांडला. रेव्हेन्यूच्या दफ्तरात हयात गेलेला माणूस; त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि मग एकच हरकत नोंदविली. विठ्ठल नुसता ऐकत बसला नाही, तो दळू लागला. जनाबाईचे ओझे त्या रात्रीपुरते तरी हलके झाले. प्रेक्षक कितीही एकाग्र होऊन पाहो, क्लिओची एक बादली कमी होत नाही. उलट, पाहिले म्हणजे काहीतरी केले, असे समाधान घेऊन तो घरी जातो, आणि सकाळी आपल्या घरची भांडी घासायला येणारीला काल उशीर का झाला म्हणून विचारतो. देवाच्या जागी बसविले असेल तर देवाचे अर्धेच काम सांगून कसे चालेल?

या हरकतीला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. भगवंताने दळू लागणे हे भक्तीने निर्माण केलेले सत्य आहे आणि कलेला तेवढा अधिकार नाही, असे म्हणून मला सुटता आले असते. पण रस हा ब्रह्मास्वादाचा सहोदर आहे असे आपलेच आचार्य सांगत आले, आणि ते नाते मानायचे तर सहोदराकडून काही कर्तव्याचीही अपेक्षा धरावीच लागते. मला इतकेच निश्चित वाटते की ही हरकत ज्या मनात उपजली, त्या मनाने चित्रपट पाहिला होता, पुरता पाहिला होता, आणि त्याची निराशा व्हेनिसच्या पंचांच्या निवाड्याइतक्याच गांभीर्याने नोंदवून ठेवण्याच्या योग्यतेची आहे.